दोष कंपनीचा की भिंतीचा? घरातल्या मंद इंटरनेटचा हिशेब

आपल्या धंद्यांमध्ये घर आणि कारखाना यांच्यात फारसे अंतर कधी नव्हतेच. मालेगाव-भिवंडीत खाली माग आणि वर बिऱ्हाड, मिरजेत पुढच्या खोलीत सतारीचा भोपळा घासला जातो आणि मागच्या खोलीत चूल पेटते, मुंबईच्या मदनपुऱ्यात जिथे दिवसा जरीचा अड्डा लागतो तिथेच रात्री अंथरुणे पडतात. अशा घरांत गेल्या काही वर्षांत एक नवी वस्तू येऊन बसली आहे. टीव्हीच्या बाजूला दोन-चार शिंगे उभारून लुकलुकणारी ही पेटी म्हणजे वायफायचा राउटर. मालाचे फोटो तिच्यातून जातात, दलालाचा भाव तिच्यातून येतो, पैसे तिच्यातून जमा होतात आणि जीएसटीचे विवरणपत्रही तिच्यातूनच भरले जाते. सबब ही पेटी मंद चालली तर ती केवळ मुलांच्या खेळाची अडचण राहत नाही, ती धंद्याची खोट होते.

उदाहरण घ्या. १ एप्रिल २०१८ पासून ५० हजार रुपयांवरचा माल राज्याबाहेर पाठवायचा तर ई-वे बिल लागते. ट्रक दारात उभा, हमाल मजुरी मागत आहेत, ड्रायव्हर घड्याळ पाहतो आहे आणि पडद्यावर गोल चक्र फिरत राहते. कोणी म्हणेल, पाच मिनिटांनी काय बिघडते? ट्रान्सपोर्टवाल्याची गाडी सुटली की पाच मिनिटांचे एक दिवस होतात, हे ज्याने माल पाठवला आहे तो जाणतो.

मिरजेचे उदाहरण याहून बोलके आहे. तिथल्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ही समाधानाची गोष्ट आहे आणि त्यामुळे दूरच्या गिऱ्हाइकाची चौकशी वाढणे साहजिक आहे. पण वाद्य घेणारा माणूस फोटो पाहून वाद्य घेत नाही. त्याला जवारी ऐकायची असते. घोडीवर तार कशी बोलते, सूर किती वेळ टिकतो, हे कानाने ठरते. व्हिडिओ कॉलवर आवाज तुटत असेल तर महिनाभर बसून केलेली जवारी त्याच्या कानापर्यंत पोचतच नाही. (जाता जाता एक गोष्ट सांगून ठेवतो. नेट कितीही चांगले असले तरी व्हिडिओ कॉलची व्यवस्था मागचा गोंगाट दाबण्यासाठी बनवलेली असते आणि तंबोऱ्याचा अखंड सूर तिला पंख्याच्या घरघरीसारखा वाटतो. तेव्हा वाद्य ऐकवायचे असेल तर नीट रेकॉर्ड करून फाइल पाठवावी. अर्थात मोठी फाइल पाठवायलाही नेट लागतेच.)

आता अशा वेळी आपले लोक काय करतात? केबलवाल्याला फोन लावतात. तो एका पोऱ्याला पाठवतो. पोऱ्या राउटर बंद करून चालू करतो आणि म्हणतो, "चाचा, तुमचा प्लॅनच छोटा आहे, दोनशेचा घेऊन टाका." चाचा दोनशेचा घेतात. आठ दिवस बरे वाटते, मग पुन्हा तेच. पुढच्या वेळी तीनशेचा. आमचे स्पष्ट मत आहे की असा वाढवलेला पैसा पुष्कळदा पाण्यात जातो, कारण गळती नळाच्या मुख्य पाइपात नसून घरातल्या तोटीत असते. टाकी मोठी केल्याने तोटी मोठी होत नाही.

आधी मोजा

कापडाचा व्यापारी तागा हातात आला की आधी मीटर लावतो. सराफ काटा पाहतो. इंटरनेटच्या बाबतीत मात्र हाच व्यापारी डोळे मिटून पैसे देतो, हे आश्चर्य होय. यात मोजमापाचा एक घोळ आधीच समजून घेतला पाहिजे. कंपनी वेग सांगते तो मेगाबिटमध्ये आणि आपली फाइल असते मेगाबाइटमध्ये. ८ बिट म्हणजे १ बाइट. म्हणजे १०० एमबीपीएसची जोडणी पूर्ण वेगाने चालली तरी सेकंदाला १२.५ मेगाबाइटच माल येणार. "शंभर सांगितले आणि बाराच मिळतात" अशी तक्रार कोणी करत असेल तर तिथे फसवणूक नाही, एकक वेगळे आहे.

दुसरी गोष्ट, येण्याचा वेग आणि जाण्याचा वेग निरनिराळा असू शकतो. जाहिरातीत मोठ्या अक्षरात छापतात तो बहुधा येण्याचा, म्हणजे डाउनलोडचा. सिनेमा पाहणाऱ्याला तो पुरतो. पण कारागिराला पाठवायचे असते. नमुन्याचा फोटो, डिझाइन, व्हिडिओ. जाण्याचा वेग १० एमबीपीएस असेल तर १०० मेगाबाइटचा व्हिडिओ जायला ८० सेकंद लागतील आणि तेही मधे दुसरे काही चालू नसेल तर. जोडणी घेताना आपल्यापैकी किती जण विचारतात की अपलोड किती? हा पहिला प्रश्न असायला हवा.

मोजणी तीन जागी करावी. पहिली, लॅपटॉप किंवा संगणक वायरने सरळ राउटरला जोडून. दुसरी, राउटरपासून हातभर अंतरावर उभे राहून वायफायवर. तिसरी, जिथे बसून प्रत्यक्ष काम चालते तिथे. ट्रायचे मायस्पीड नावाचे मोफत अ‍ॅप आहे, त्यावर किंवा अशा कोणत्याही साधनावर वेग दिसतो. मोजताना घरातले बाकीचे फोन वायफायवरून काढून ठेवावेत, नाहीतर मोजणी खोटी पडेल. सकाळी, दुपारी आणि रात्री नऊच्या सुमारास मोजून वहीत तारीख-वेळेसह लिहून ठेवावे. उधारीची वही आपण ठेवतोच, तिच्याच मागच्या पानावर लिहिले तरी चालेल.

या तीन आकड्यांतच रोगाचे निदान असते. वायरवरसुद्धा वेग कमी असेल तर दोष कंपनीचा, केबलवाल्याचा किंवा त्यांच्या तारेचा. वायरवर पुरता आणि राउटरजवळ वायफायवर कमी, तर दोष राउटरचा किंवा आसपासच्या गर्दीचा. राउटरजवळ पुरता आणि कामाच्या जागी कमी, तर दोष भिंतीचा आणि अंतराचा. आणि सकाळी चांगला, रात्री वाईट असा प्रकार वायरवरही दिसत असेल तर केबलवाल्याने एकाच तारेवर झेपतील त्याहून जास्त घरे टाकली असावीत. लॅपटॉप नसेल तर दुसरी आणि तिसरी मोजणी तरी करावी, बराच उलगडा होतो.

पेटी कुठे ठेवली आहे?

आमच्या पाहण्यात जी घरे आली त्यांतल्या बहुतेकांत तिसऱ्या प्रकारचा दोष होता आणि त्याविषयी जरा मोकळेपणाने लिहायला हवे.

राउटर ठेवतात बैठकीत. कारण तार बाहेरून तिथे येते, टीव्ही तिथे असतो, पाहुणे तिथे बसतात. पण त्या घरात कमाई कुठे होते? पुष्कळ घरांत ती होते आतल्या खोलीत. तिथे बायकोची शिलाई मशीन आहे, मुलगी दुपट्ट्यावर आरी काम करून त्याचे फोटो गिऱ्हाइकांना पाठवते, अम्मी मसाले आणि लोणची बांधून ऑर्डरी घेते. पडद्याच्या, दाराच्या आणि दोन भिंतींच्या पलीकडे. वायफाय पोचते ते जेमतेम. मग मुलगी फोटो पाठवायला बैठकीच्या दारात येऊन उभी राहते आणि बैठकीत कोणी पाहुणा असला तर परत फिरते. पाहुणा गेल्यावर पाठवते, तोवर गिऱ्हाईक दुसरीकडे गेलेले असते. अब्बांना याचा पत्ताही नसतो, ते बैठकीत बसून बातम्या पाहत असतात आणि तिथे नेट उत्तम चाललेले असते. "आपले नेट चांगले आहे," असे ते शपथेवर सांगतील आणि त्यांच्या जागेपुरते ते खरेही आहे.

घरातल्या स्त्रियांच्या कामाला आपण अजून "फावल्या वेळेचे" म्हणतो, तेच मूळ या पेटीच्या जागेत दिसते. हिशेबाच्या वहीत मात्र महिन्याच्या अखेरीला किराण्याचे पैसे कुठून आले ते पाहावे. पेटी कमाईच्या जागेजवळ हवी, करमणुकीच्या जागेजवळ नव्हे. टीव्ही चालवायचाच तर त्याला वायर लावता येते, तो जागेवरून हलत नाही. आरीवर बसलेल्या मुलीच्या फोनला वायर लावता येत नाही.

आता जागा कशी निवडावी? वायफायच्या लहरी पातळ लाकडी दारातून किंवा फळीतून सहज जातात, विटांच्या भिंतीत कमी होतात, सिमेंट-सळईच्या भिंतीत व स्लॅबमध्ये आणखी कमी होतात आणि जुन्या वाड्यांच्या हात-दीड हात जाडीच्या दगडी भिंतीत जवळपास संपतात. पत्र्यातून तर त्या जातच नाहीत, परत फिरतात. म्हणून पत्र्याचे कपाट, लोखंडी शटर, पोटमाळ्याची पत्र्याची पडदी, मोठा आरसा यांच्या मागे पेटी ठेवणे म्हणजे दिवा मडक्याखाली झाकणे. पाणीही या लहरी शोषून घेते. टाकीच्या किंवा भरलेल्या पिंपांच्या आड पेटी नको. जमिनीवर, पलंगाखाली, कोनाड्यात खोल नको. घराच्या मधोमध, माणसाच्या डोक्याच्या उंचीला किंवा थोडी वर, चारी बाजू मोकळ्या. शिंगे उभी असली तर लहरी आडव्या पसरतात, म्हणजे त्याच मजल्यावर. वरच्या मजल्यालाही पोचवायचे असेल तर एक शिंग आडवे करून पाहावे.

पेटी हलवायची तर तार वाढवावी लागेल, हे खरे. फायबरची तार स्वतः ओढू नये. ती काचेची असते. काटकोनात वाकवली, खिळ्याने दाबली किंवा दारात चेपली तर प्रकाश गळतो आणि वेग जातो किंवा जोडणीच तुटते. फायबर जिथे उतरते तिथली पेटी तिथेच राहू द्यावी आणि तिथून साधी लॅनची केबल आत ओढून दुसरा राउटर कामाच्या जागी लावावा. दहा-पंधरा मीटर केबलला काही शे रुपये पुरतात, एकदाच. प्लॅन वाढवण्याचे पैसे दर महिन्याला जातात. फरक व्यापाऱ्याला समजावून सांगायला नको.

बाजारात रिपीटर नावाची भिंतीच्या प्लगमध्ये खोचण्याची डबी मिळते. दुकानदार ती हौसेने गळ्यात मारतात. साध्या रिपीटरला एकाच वाटेवरून घ्यायचेही असते आणि द्यायचेही असते, त्यामुळे त्याच्यापलीकडे वेग सुमारे निम्मा होतो. शिवाय लोक तो नेमका तिथे लावतात जिथे नेट येत नाही. ज्याला स्वतःलाच ऐकू येत नाही तो दुसऱ्याला काय सांगणार? लावायचाच तर निम्म्या वाटेवर, जिथे अजून चांगले येते तिथे लावावा. केबल शक्य असेल तिथे केबलच बरी, असे आम्ही म्हणू.

मागांच्या शेडबद्दल एक समज आहे की मोटारींमुळे नेट मंद होते. मोटारीला दोष देण्याआधी लोखंडी सांगाड्यांच्या रांगा आणि वरचा पत्रा पाहावा. तिसरी गोष्ट म्हणजे सुताची कसपटे. ती राउटरच्या जाळीत बसतात, पेटी तापते आणि अडखळू लागते किंवा आपोआप बंद-चालू होते. महिन्यातून एकदा कोरड्या ब्रशने जाळी साफ करावी. विजेचा दाब खालीवर होणाऱ्या वस्त्यांत राउटरचा अ‍ॅडाप्टरही कमजोर होतो आणि पेटी बिघडली असे वाटते. आधी त्याच व्होल्टचा चांगला अ‍ॅडाप्टर लावून पाहावा.

हमसायाचा हक्क

वायफाय ज्या हवेतून चालते ती हवा कोणाच्या मालकीची नाही. आपल्या देशात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ साली परवान्याविना वापरायला खुला झाला आणि ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचा मोठा भाग २०१८ साली. परवाना नाही म्हणजे राखणदारही नाही. दाट मोहल्ल्यात, चाळीत, एकमेकांना भिंती चिकटलेल्या घरांत एका जागी उभे राहून फोनवर वायफायची यादी उघडली तर वीस-पंचवीस नावे दिसतात. ती सगळी एकाच अरुंद गल्लीतून हातगाड्या ओढत आहेत.

२.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात आपल्याकडे १३ चॅनेल आहेत, पण ती एकमेकांवर चढलेली आहेत. एकमेकांना न अडवता चालणारी चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. कोणी ३ वर बसला तर तो १ वाल्यालाही त्रास देतो आणि ६ वाल्यालाही. काही राउटरमध्ये चॅनेलची रुंदी २० ऐवजी ४० करण्याची सोय असते. पोऱ्या येतो आणि वेग वाढवण्यासाठी ती करून जातो. त्या एका घराने मग पट्ट्याचा निम्म्याहून जास्त भाग अडवलेला असतो. शेजारी त्रासतात, तेही ४० करतात आणि शेवटी सगळ्यांचेच मंद होते. हे म्हणजे दुकानापुढे रस्त्यावर माल मांडण्यासारखे झाले: एकाने मांडला की समोरचा मांडतो आणि मग गिऱ्हाइकालाच वाट राहत नाही.

शेजाऱ्याच्या हक्कांबद्दल आपल्या मशिदींतून नेहमी सांगितले जाते. त्याच्या दारात कचरा टाकू नये, त्याचा उजेड अडवू नये हे सर्वांना पटते. हवेतली ही वाट अडवणे त्याच जातीचे आहे असे आम्हाला वाटते, फक्त ते डोळ्यांना दिसत नाही. एका इमारतीतले आठ-दहा कुटुंबप्रमुख इशाच्या नमाजनंतर दहा मिनिटे बसले तरी ठरवू शकतात की तळमजल्याने १ घ्यावे, पहिल्याने ६, दुसऱ्याने ११ आणि सर्वांनी रुंदी २० ठेवावी. लहान घर असेल तर राउटरची ताकद कमी करण्याचीही सोय बऱ्याच पेट्यांत असते. दोन खोल्यांच्या घराला अख्ख्या गल्लीत ऐकू जाईल इतका भोंगा लागत नाही. कॉलेजात शिकणारी मुले प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. त्यांना हे काम एका रविवारी जमेल.

जवळच्या कामाला ५ गिगाहर्ट्झ वापरावे. तिथे गर्दी कमी आणि वेग जास्त, मात्र भिंतीपुढे ते २.४ पेक्षा लवकर हार मानते. येथे एक गैरसमज आहे. वायफायच्या नावापुढे "५जी" लिहिलेले असते, ते मोबाइलचे ५जी नव्हे. आपला फोन ४जी आहे म्हणून ते आपल्याला चालणार नाही असे समजून कित्येक जण गर्दीच्या पट्ट्यावरच अडकून राहतात. फोनच्या यादीत ते नाव दिसत असेल तर फोनला ते चालते. पेटी फार जुनी असेल तर मात्र तिच्यात हा पट्टाच नसतो. अशा पेटीच्या खोक्यावर ३०० लिहिलेले असले तरी तो हवेतला कागदी आकडा असतो, हातात त्याच्या निम्म्याहूनही कमी पडते. शिवाय तिचे तारेचे तोंड १०० एमबीपीएसच्या पुढे जात नाही. तिच्यावर दोनशेचा प्लॅन घेणे म्हणजे अर्ध्या लिटरच्या तांब्यात लिटरभर दूध ओतणे.

घरातच रांग लागते

वायफायवर एका वेळी एकच बोलतो, बाकीचे थांबतात. रेशनच्या खिडकीवर एखादा माणूस सुटे पैसे मोजत उभा राहिला की मागची सगळी रांग खोळंबते, तसेच इथे होते. दूरच्या खोलीतला जुना फोन, ज्याला नीट ऐकू येत नाही, तो थोडेसे घ्यायलाही खूप वेळ घेतो आणि राउटरजवळ बसलेला नवा फोनही त्याच्यामुळे मंदावतो. म्हणून एका खोलीचे नेट सुधारले की पुष्कळदा सर्व घराचे सुधारते.

दुकानदारांच्या घरी आणखी एक रांग असते आणि ती कोणाच्या लक्षात येत नाही. गोदामात किंवा दारावर कॅमेरे लावलेले असतात आणि त्यांचे चित्रण रात्रंदिवस इंटरनेटवर साठवायला जात असते. फोनमधले फोटोही आपोआप वर चढत असतात. जाण्याची वाट अशी भरून गेली की येणेही अडखळते, कारण आलेल्या मालाची पोच परत पाठवावी लागते आणि ती पोच रांगेत अडकते. कॅमेऱ्याचे चित्रण जागेवरच्या कार्डावर किंवा डीव्हीआरमध्ये साठवावे आणि फोटोंची साठवण रात्री दोनला लावावी. एवढ्यानेही दिवसाचे काम हलके होते.

आणि पासवर्ड. एका घरी जोडणी घेऊन चार घरांना वाटणे आपल्याकडे सर्रास चालते. गरीब शेजाऱ्याच्या मुलाला परीक्षेपुरते देणे वेगळे. पण चौघांनी वर्गणी काढून घरगुती जोडणी वाटून घेणे सहसा कंपनीच्या अटींत बसत नाही आणि अट मान्य करून सही केल्यावर ती पाळणे ही अमानत आहे. न विचारता दुसऱ्याचे वापरणे तर सरळ चोरीच होय. त्यात धोकाही आहे. त्या जोडणीवरून कोणी काही भलते केले तर चौकशी तिच्या मालकाच्या दारात येते. कंपनीने दिलेला मूळ पासवर्ड बदलावा, डब्ल्यूपीएसचे बटण बंद करावे आणि पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क वेगळे ठेवावे.

आणि "पर्यंत" या शब्दाचे काय?

इथवर आम्ही घराचे दोष सांगितले म्हणून कंपन्यांना मोकळे सोडायचे असे नाही. मोजणीत वायरवरच वेग पडत असेल, राउटरवर लाल दिवा लागत असेल, रोज रात्री घसरण होत असेल तर तो त्यांचा दोष आहे आणि त्याचे उत्तर त्यांनी द्यायला हवे. जाहिरातीतला "१०० एमबीपीएसपर्यंत" हा "पर्यंत" शब्द आम्हाला कायम खटकतो. कापडाच्या दुकानावर "पाच मीटरपर्यंत" अशी साडी कोणी विकली तर गिऱ्हाईक फिरकेल का? मापात कसर करणाऱ्यांच्याच नावाने कुरआनात एक सूरह आहे, ८३वी, अल्-मुतफ्फिफीन. आपण व्यापारी म्हणून ती स्वतःला लावून घेतो, तर विकत घेतानाही माप मागण्याचा आपला हक्क आहे.

सरकारी व्याख्येचा आधार इथे फारसा उपयोगी नाही. ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला २००४ च्या धोरणात २५६ केबीपीएस पुरत होते. २०२३ साली ती मर्यादा वाढवून २ एमबीपीएस करण्यात आली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले तेव्हा टेलिफोनच्या तारेवर कर्रकर्र करत मिळणारा वेग पाहता २ एमबीपीएस ही चैन वाटली असती, पण आजच्या धंद्याला ती पुरत नाही. म्हणून किमान किती वेग देणार आणि ठरलेला डेटा संपल्यावर किती उरणार, हे दोन आकडे जोडणी घेतानाच लेखी मागावेत. केबलवाला तोंडी सांगेल. लेखी मागताच त्याचा सूर बदलतो असा अनुभव आहे.

बिलाचीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. इंटरनेटवर १८ टक्के जीएसटी आहे. जे नेहमीच्या पद्धतीने जीएसटीत नोंदलेले आहेत त्यांनी जोडणी पेढीच्या नावाने घेऊन बिलावर आपला जीएसटी क्रमांक टाकून घेतला तर धंद्यासाठी झालेल्या वापरापुरती ही रक्कम इनपुट क्रेडिट म्हणून मिळते. कंपोझिशनवाल्यांना ती सवलत नाही. घरच्याच जोडणीवर धंदा चालवणारे पुष्कळ जण हे पैसे वर्षानुवर्षे सोडून देत आहेत.

तक्रारीची रीत अशी. गल्लीतला केबलवाला पुष्कळदा एखाद्या मोठ्या कंपनीचा भागीदार असतो. बिलावर कंपनीचे नाव पाहून तिच्याच तक्रार केंद्रात तक्रार नोंदवावी आणि डॉकेट क्रमांक लिहून घ्यावा. पोऱ्याला फोन करणे म्हणजे तक्रार नव्हे. ट्रायच्या २०१२ च्या विनियमांप्रमाणे तक्रारीचे निवारण झाले नाही किंवा उत्तर पटले नाही तर ३० दिवसांच्या आत कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे अपील करता येते. त्याला शुल्क नाही आणि त्याचा निकाल ३९ दिवसांत लागायला हवा. वहीच्या मागच्या पानावर लिहिलेली मोजणी, वायरवरची, तारीख-वेळेसह, निदान दोन-तीन आठवड्यांची, त्या अपिलाला जोडावी. वायफायवरची मोजणी जोडली तर कंपनी भिंतीकडे बोट दाखवील.